केंड माशाचे दात आणि दुकानदाराची पत

शोभेच्या माशांचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंना पफर मासा ओळखीचा आहे. याच्या समुद्री भाऊबंदांना कोकणातले कोळी केंड म्हणतात आणि जाळी कुरतडतो म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडतात. जाळे तोडणारे हे दात काचेच्या टाकीत मात्र माशाच्याच जिवावर उठतात.

पफरला वर दोन व खाली दोन असे ४ दात असतात. ते जुळून पोपटासारखी चोच बनते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. नदी-समुद्रात शिंपले, गोगलगायी, खेकडे फोडताना ती आपोआप झिजते. टाकीत नुसते मऊ खाणे मिळाले, तर दात वाढून तोंड मिटूनच जाते. समोर खाणे असून मासा उपाशी मरतो आणि गिऱ्हाईक म्हणते, दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला!

म्हणून मासा विकताना खाण्याची माहितीही द्यावी. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतला बुटका पफर जेमतेम १ इंचाचा. त्याला बारीक गोगलगायी पुरतात. ५-६ इंच वाढणाऱ्या हिरव्या ठिपकेदार पफरला मचूळ पाणी लागते. त्याला कवचासकट तिसऱ्या, सालासकट कोळंबी, खेकड्याचे पाय द्यावेत. कोरडे दाणे बहुतेक पफर तोंडात धरत नाहीत.

दुकानामागे एका टबात गोगलगायी पाळल्या तर त्या झपाट्याने वाढतात. खर्च नाममात्र आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला परत येते. गटारातल्या गोगलगायी मात्र देऊ नयेत. त्यांच्यासोबत रोग आणि औषधांचे विष येते.

दात वाढलेच तर लवंग तेलाच्या अगदी थोड्या मात्रेने माशाला गुंगी देऊन ते कापतात. पण हे काम माहीतगार पशुवैद्याचे आहे, दुकानातल्या पोऱ्याने चिमटा घेऊन बसू नये. मासा पाण्याबाहेर काढला तर हवा गिळून फुगतो आणि ती हवा बाहेर टाकणे त्याला जड जाते. जाळीऐवजी भांड्याने पाण्यासकट उचलावा.

मेलेला पफर मांजरापुढे टाकू नये. अनेक जातींच्या अंगात जहाल विष असते, ते शिजवूनही जात नाही.

एका माशाचा नफा एकदाच मिळतो. खरी माहिती देणाऱ्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा चढते.