उंच ट्रक, बुटका ट्रेलर

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलेला दिसतो: ट्रक जेवढा उंच आणि दांडगा, तेवढा वेट डिस्ट्रिब्यूशन हिचही जास्त ताकदीचा हवा. दुकानदाराच्या सोयीचाच समज म्हणायचा. वास्तविक ट्रकच्या उंचीचा या हिचच्या स्प्रिंग बारच्या ताकदीशी संबंध नाही. उंचीवरून ठरते ती शँक, म्हणजे रिसीव्हरमध्ये (ट्रकच्या मागच्या चौकोनी नळीत) जाऊन ट्रेलर जोडायच्या बॉलला योग्य पातळीवर धरणारा पोलादी दांडा. बार निवडायचे ते बॉलवर किती भार येणार हे पाहून.

हा हिच नेमकं करतो काय? समजा, ट्रकच्या दोन आसांत १२ फूट अंतर आहे, बॉल मागच्या आसापासून ५ फूट मागे आहे आणि त्यावर ८०० पाउंड भार आला. तरफेच्या हिशेबाने पुढच्या चाकांवरून सुमारे ३३० पाउंड उचलले जातात आणि मागच्या आसावर ११३० चढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या टायरांची पकड घटते. बार ताणले की ते उलटा पीळ देतात; थोडा भार पुढच्या चाकांवर परततो, थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो.

म्हणून ‘एअर बॅग बसवल्या, आता हिच कशाला?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. स्प्रिंगला आधार देणाऱ्या या हवेच्या पिशव्यांनी ट्रकची मागची बाजू वर येते, पण पुढचं गेलेलं वजन परत येत नाही. पिकअप ट्रक तर रिकामा असताना मागून उंचच असतो. मागे बसला तरी सपाट, छान दिसतो. डोळ्यांवर विसंबू नये, टेप घ्यावी. पुढच्या चाकाच्या कमानीची उंची ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर आणि बार ताणल्यावर मोजावी. वाढलेल्या उंचीतली किती परत आणायची ते ट्रकच्या पुस्तिकेत असतं. हायवेवरच्या अनेक ट्रक स्टॉपला कॅट स्केल हा वजनकाटा असतो, तिथे ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगळं कळतं.

खरी गोम शँकमध्येच आहे. ट्रेलर सपाट जागी पातळीत उभा करून कपलरची, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या त्याच्या तोंडाची, उंची मोजा, मग रिसीव्हरची. ती २६ इंच आणि कपलर १९ वर असेल, तर बॉल बराच खाली आणावा लागेल. हिचच्या खोक्यातली शँक तेवढी पुरेलच असं नाही. मग जास्त उतरणारी वेगळी घ्यायची, आपल्या २, अडीच किंवा ३ इंची रिसीव्हरला बसणारी आणि पुरेशा क्षमतेची. ‘बार जरा जास्त ताणून भागवू’ असं म्हणणारे भेटतात. बारने बॉल खाली येत नाही. ट्रेलरचं नाक वरच राहतं, दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मागच्या आसावर जादा भार पडतो आणि बॉलवरचा कमी होतो. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, तसंच हे. थोडी धुरजड गाडी परवडली.

बॉलवर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. ७००० पाउंडांना ७०० ते १०५०. माहितीपत्रकातला बॉलवरच्या भाराचा आकडा बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यात सामान आणि पाणी धरलेलं नसतं. बार निवडताना ट्रकच्या मागच्या आसामागे ठेवलेलं सामानही अनेक कंपन्या मोजायला सांगतात. गरजेपेक्षा फार कडक बार घेतले तर दणके मात्र खावे लागतात.

हिचने ट्रकची क्षमता वाढते, हे अर्धसत्य. रिसीव्हरच्या स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात, हिचसह आणि हिचशिवाय. पहिला मोठा असतो हे खरं, पण ट्रकचा पेलोड आणि आसांची मर्यादा तसूभरही हलत नाही.

ट्रेलर झोकांड्या खातो तो बहुतेकदा बॉलवर भार कमी पडल्यामुळे. झोक आवरण्याची सोय काही हिचमध्ये अंगचीच असते, काहींना वेगळा घर्षण दांडा लावावा लागतो. तो रिव्हर्स घेण्याआधी काढायचा. आणि ट्रेलरला सर्ज ब्रेक (ट्रक थांबताना ट्रेलरच्या रेट्याने लागणारे) असतील तर आधी विचारून घ्या, काही हिच त्यांच्यासोबत चालत नाहीत.