सांडपाण्यातले सोनखत

मानवी मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. शब्दात सोने असले तरी ज्यांच्या डोक्यावरून ते वाहून नेले जाई, त्यांच्या वाट्याला अस्पृश्यता आणि रोगराईच आली. ते काम बंद व्हायलाच हवे होते, आणि आज कायद्याने त्यावर बंदीही आहे. भुयारी गटारांनी शहरातला मैला दृष्टिआड केला. मात्र त्याबरोबर शेत आणि ताट यांना जोडणारा फेराही तुटला. धान्यातून शहरात आलेला फॉस्फरस शेतात परत न जाता नदीला मिळू लागला. माणसाच्या हाताला मैला न लागता हा फेरा पुन्हा जोडता येईल का? सांडपाण्याचे अभियांत्रिकीशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे.

मी फॉस्फरसवर भर देतो, त्याला कारण आहे. नायट्रोजन हवेतून मिळवता येतो, खताचे कारखाने तेच करतात. फॉस्फरस मात्र खडकातूनच खणावा लागतो आणि पिकाला त्याच्याऐवजी दुसरे काही चालत नाही. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहे. भारत आपल्या गरजेचा बहुतांश फॉस्फेट, खनिज किंवा तयार खताच्या रूपात, आयात करतो. इतक्या दुरून आणलेले हे द्रव्य शेवटी नदीत जाते आणि पवना, मुळा-मुठेवर जलपर्णी पोसते.

या मूलद्रव्याची कहाणीच मुळी लघवीपासून सुरू होते. 1669 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांड नावाचा किमयागार सोने मिळेल या आशेने लघवी आटवत बसला होता. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. पुढे 1842 च्या भीषण आगीनंतर याच शहरात सेंट निकोलाय चर्चचा नवा पाया खणताना जुन्या शेणामैल्याच्या थरात काही स्फटिक सापडले. फॉन स्ट्रूव्ह या रशियन मुत्सद्द्याच्या नावावरून त्या खनिजाला ‘स्ट्रुव्हाइट’ म्हणू लागले. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट समप्रमाणात एकत्र आले की हा स्फटिक बनतो. मुतखड्याचा एक प्रकारही याच पदार्थाचा असतो.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रालाही हा मुतखडा होतो. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्रात गाळ वाहून नेणाऱ्या 12 इंची नळीत स्ट्रुव्हाइटचा थर साचून ती आतून 6 इंचांवर आली होती. हा थर नेमका पंपात आणि नळीच्या वळणांवर जास्त बसतो. तेथे पाणी घुसळले जाते, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा आम्लपणा घटतो आणि स्फटिक सुटू लागतात. मग छिन्नी, आम्ल नाहीतर नवी नळी! नळीत कुठेही जमणारा हा दगड आपण ठरवू त्या टाकीत जमवता आला, तर दुखणे टळेल आणि हाती खत लागेल, या विचारातून आजचे पोषकद्रव्य-पुनर्प्राप्तीचे तंत्र पुढे आले.

शिकागोजवळच्या स्टिकनी केंद्राचे उदाहरण घेऊ. जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक. सुमारे 23 लाख लोकांचे सांडपाणी येथे येते आणि शुद्ध झालेले पाणी इलिनॉय व मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. त्या आखातात पोषकद्रव्यांमुळे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा मोठा पट्टा मासळीविना उरतो. 2016 मध्ये या केंद्रात वर्षाला 10,000 टनांपर्यंत खत काढण्याच्या क्षमतेची यंत्रणा सुरू झाली.

तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. काही जिवाणू प्राणवायू नसलेल्या टाकीत आपल्याजवळचा फॉस्फेट सोडून देतात. पुढच्या टाकीत हवा मिळाली की सोडला त्याहून जास्त शोषून घेतात. हे जिवाणू गाळात बसतात. गाळ बंद पाचक टाकीत कुजवला की फॉस्फेट आणि अमोनिया पुन्हा पाण्यात उतरतात. गाळ पिळून निघणारे हे पाणी आकारमानाने थोडे, पण पोषकद्रव्यांनी गच्च असते. एरवी ते केंद्राच्या तोंडाशी परत सोडतात आणि तोच फॉस्फरस आत फिरत राहतो. नव्या यंत्रणेत हे पाणी एका उभ्या टाकीत खालून वर सोडतात; त्यात मॅग्नेशियम क्लोराइड आणि लागेल तसा कॉस्टिक सोडा घालतात. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वाढत जातात, जड झाले की तळाशी येतात. ते धुऊन, वाळवून पोत्यात भरता येतात.

या तंत्राच्या मर्यादाही पाहायला हव्यात. दाण्यात येतो तो पिळलेल्या पाण्यातला फॉस्फरस. केंद्रात आलेल्या एकूण फॉस्फरसच्या साधारण 10 ते 30 टक्केच. उरलेला बहुतेक गाळातच राहतो. म्हणून जर्मनीच्या 2017 च्या नियमाने 2029 पासून मोठ्या केंद्रांना गाळातून किंवा गाळ जाळून उरलेल्या राखेतूनही फॉस्फरस काढणे बंधनकारक केले आहे. नायट्रोजन तर या दाण्यात वजनाने जेमतेम 6 टक्के असतो.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. माणशी रोज सुमारे 1 ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर पडतो असे धरले, तर 10 लाखांच्या शहरातून रोज 1 टन फॉस्फरस वाहून जातो. डीएपीच्या भाषेत 50 किलोच्या 100 गोण्या. सगळा मैला केंद्रात पोहोचला आणि 20 टक्के हाती लागला, तरी रोज 20 गोण्यांइतका फॉस्फरस परत मिळेल. पण अडचण ‘पोहोचला’ या शब्दात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. शिवाय नाल्याचे पाणी मिसळून पातळ झालेल्या मैलापाण्यात या जिवाणूंची उपासमार होते. फॉस्फेट काढायला लोहाचे किंवा तुरटीचे क्षार घातले, तर ते त्याला गाळातच बांधून ठेवतात आणि दाणा बनत नाही.

आपल्या बाजूने काही गोष्टी आहेत. मीठ काढून झाल्यावर मिठागरात उरणाऱ्या कडवट पाण्यात भरपूर मॅग्नेशियम असते. प्रयोगांत ते या कामी उपयोगी ठरले आहे. हे दाणे पाण्यात सहज विरघळत नाहीत, मुळांनी सोडलेल्या आम्लात हळूहळू विरघळतात. त्यामुळे पावसाने ते लगेच वाहून जात नाहीत. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते चांगले लागू पडतील. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र त्यांच्याकडून तितकी अपेक्षा धरू नये.

म्हणून कोणतीही महापालिका उद्याच हे यंत्र विकत घेवो, असे मी म्हणणार नाही. आधी गटार घरोघर जोडले जावे, कारखान्यांचे पाणी त्यात येऊ नये, गाळ पाचक टाकीतून जावा. मात्र आज ज्या केंद्रांच्या विस्ताराच्या निविदा निघत आहेत, त्यांच्या आराखड्यात गाळाच्या पाण्यासाठी वेगळी नळी आणि त्या उभ्या टाकीपुरती जागा राखून ठेवता येईल. आज त्याला फारसा खर्च नाही. दहा वर्षांनी तयार काँक्रीट फोडून तेच करायचे म्हटले, तर ते कुणीही करणार नाही आणि डीएपीच्या त्या 100 गोण्या रोज नदीत जात राहतील.