टर्बो गेला? आधी पाइप तर बघा!

घाटात गाडी दाबली की मागून निळसर धूर, डिपस्टिकवर ऑइलची रेघ खाली खाली आणि इंटरकूलरच्या पाइपाला तेलकट ओल. एवढं सांगितलं की सर्व्हिस सेंटरवाला कीबोर्डवरून मान वर न करता निकाल देतो, "सर, टर्बो गेला!" माझ्या सहा वर्षं जुन्या डिझेल हॅचबॅकलाही हाच निकाल मिळाला. एस्टिमेट पाच आकडी. ईएमआयवाल्याने खुर्ची घट्ट धरावी असं.

सही न करता मी गाडी गल्लीतल्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांचा पहिलाच प्रश्न, "एअर फिल्टर कधी बदललास?"

प्रश्न वाटतो तितका साधा नाही, बरं का. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्याचे सील रबरी नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. तेल आत राहतं ते दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबामुळे, आणि वापरलेलं तेल ड्रेन पाइपातून आपल्या वजनाने खाली उतरतं म्हणून. फिल्टर चोंदला की टर्बो हवेबरोबर तेलही ओढतो. ड्रेन पाइप काजळीने अरुंद झाला किंवा ब्रीदर तुंबून इंजिनच्या पोटात दाब वाढला, तर तेलाला खाली जायला वाटच नाही. मग ते कड्यांमधून बाहेर येतं. अशा गाडीला कोरा करकरीत टर्बो लावा, तोही गळणार!

आणि पाइपातली थोडीशी ओल? ती चालते. ब्रीदरमधून तेलाची वाफ तिथे येतच असते. थारोळं साचलं तर मात्र काळजी करा.

खरी परीक्षा दोन मिनिटांची. इंजिन बंद आणि थंड असताना एअर पाइप काढायचा, शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवायचं. आडवा किंचित हलला तर ठीक. आत-बाहेर हलताना जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरंच गेला.

माझा शाफ्ट ठणठणीत होता. ब्रीदर तुंबलेला, फिल्टर काळाकुट्ट आणि ऑइल लाइनचे तांब्याचे वॉशर चेपलेले. ब्रीदर साफ केला, फिल्टर, वॉशर, ड्रेनचं गास्केट नवं टाकलं, ऑइलही बदललं. बिल चार आकडी, त्यात निम्मं ऑइलचंच! गास्केटच्या जागी सिलिकॉन थापू देऊ नका, असं काका बजावतात. त्याचा तुकडा सुटून तेलाचीच वाट अडवतो.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका. गळती फारच वाढली तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत आपोआप रेज होत सुटतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर थांबल्यावर वरचा गिअर टाका, ब्रेक गच्च दाबा आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. त्यानंतर पुन्हा स्टार्ट मारून बघायचं नाही, सरळ टो करून न्यायची.