तारण सुस्थितीत आहे

२०२५ च्या मे महिन्यात ओतूरहून तात्यांचा फोन आला. "साहेब, घरात वाद पेटलाय. कर्ज तुम्ही दिलं होतं, आता निवाडाही तुम्हीच करा."

बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण जुन्नर तालुक्यात एकदा साहेब झालेला माणूस कायमचा साहेब राहतो. वाद बांधाचा असेल, नाहीतर वाटणीचा, अशा समजुतीने मी गेलो. निघाला तो दोन गाड्यांचा. अंगणात चिंचेखाली तात्यांची जुनी डिझेल पिकअप उभी होती, १९८७ साली माझ्या सहीने मंजूर झालेल्या कर्जातली. शेजारी मुलाची पांढरीशुभ्र पिकअप, २०२१ ची. मुलाचे म्हणणे असे की, जुन्या गाडीच्या पासिंगची मुदत संपत आली आहे, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली आहे, तेव्हा आता ती भंगारात द्यावी. तात्यांचा पारा चढला होता. "अडतीस वर्षं राबली ती भंगारात, आणि चार वर्षांत तीनदा ओढून न्यावी लागली ती दारात? साहेब, तुम्हीच सांगा, टिकाऊ कोणती?"

प्रश्न सोपा वाटला. चहा होईपर्यंत उत्तर देऊन मोकळे होऊ, असे मी मनाशी म्हटले. प्रत्यक्षात दोन दिवस मुक्काम करावा लागला.

शहरातल्या वाचकाला पिकअप म्हणजे रस्ता अडवणारी एक मालगाडी वाटेल. गावात तिचा अर्थ वेगळा आहे. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदारांचे कर्ज अग्रक्रमाच्या यादीत आले आणि १९८० च्या दशकात आमच्या शाखेतही अशा अर्जांची रांग लागली. महिंद्रांच्या जीप तर १९४७ पासून या देशात जुळवल्या जात होत्या. आकुर्डीच्या बजाज टेंपोची मॅटाडोर गावोगाव पोचली होती, १९८६ साली टाटांची ४०७ आली. त्याआधी ओतूरचा टोमॅटो दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जागा मिळेल तेव्हा निघायचा आणि पोचेल तेव्हा पोचायचा. भाव पडला तरी शेतकऱ्याने ऐकून घ्यायचे. स्वतःची गाडी आली की रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे मुंबईचा बाजार गाठायचा, तिथे भाव नसेल तर उद्या पुण्याला जायचे. आपल्या मालावर आपली थोडी हुकमत आली ती या चार चाकांमुळे. पुढे २००५ साली 'छोटा हत्ती' आला आणि ही हुकमत आणखी खालच्या थरापर्यंत गेली. म्हणून गाडी टिकणे न टिकणे हा इथे हौसेचा प्रश्न नसतो. घर त्यावर चालते.

तात्यांनी माजघरातून एक वही आणली. गाडीवरच्या प्रत्येक खर्चाची नोंद तीत होती. मी नोकरीभर खतावण्या वाचल्या, कादंबऱ्या नंतर लिहिल्या, त्यामुळे वही दिसली की मला राहवत नाही. ओट्यावर बैठक मारून वाचू लागलो. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीसिंग, पाच हजाराला ऑइल. कमानीचे पान तुटले, नवे घातले. क्लच प्लेट. पंप-नोझलचे काम. हौद्याचा पत्रा सडला, वेल्डिंग. १९९२ साली, सव्वा लाख किलोमीटरच्या सुमारास, इंजिन उतरवून बोअर, पिस्टन, रिंगा. १९९५ साली मीटर बंद पडला, तो तसाच राहिला. १९९९ ला इंजिनाचे दुसरे काम, २००८ ला तिसरे. मध्ये एकदा केबिनचा अख्खा तळ बदललेला.

वही मिटून मी विचारले, "तात्या, ह्यात १९८७ चं काय उरलंय?"

तात्या क्षणभर विचारात पडले. "चासी," ते म्हणाले. मग आणखी विचार करून म्हणाले, "आणि नंबर."

यात हसण्यासारखे काही नाही. जुन्या गाडीचा टिकाऊपणा नेमका इथेच होता. तिचा डिझेल पंप निव्वळ यांत्रिक, वायरी मोजक्या, आणि प्रत्येक भाग नट-बोल्ट खोलून हाती येणारा. नारायणगावचा मिस्त्री बॉनेटवर कान ठेवून दुखणे सांगायचा. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवाला तो कातून द्यायचा. रॉकेल मिसळलेले डिझेलही ती खोकत का होईना, पचवायची. ती वारंवार मोडायची, पण जिथे मोडायची तिथेच उभी राहायची. तुटलेल्या कमानीला लाकडाचा ठोकळा लावून आणि दोर आवळून तात्यांनी मुरबाडपासून गाडी घरी आणल्याची नोंदही वहीत आहे. दोराची किंमत लिहिली आहे, साडेचार रुपये.

मुलाची वही त्याच्या मोबाइलमध्ये होती. त्याने बिले दाखवली. चार वर्षांत दीड लाख किलोमीटर. ऑइल बदलायचे ते दहा हजारांच्या पुढे. ग्रीस भरायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, कारण बरीचशी बेअरिंगे आता सीलबंद येतात. इंजिन एकदाही उघडलेले नाही. तेवढ्याच अंतरात वडिलांच्या गाडीचे इंजिन उतरले होते आणि दोन क्लच गेले होते. गंजाचा एक ठिपका दिसेना. आजकाल रंग देण्याआधी सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो लेप सांदीकोपऱ्यापर्यंत बसवतात, त्याचा हा परिणाम. त्यातून ओझे किती? जुनी गाडी कागदोपत्री टनाच्या आतली. आज याच जातीच्या गाड्या तेराशे ते सतराशे किलो वाहतात, तेही दीडपट वेगाने.

"मग तीनदा ओढून का न्यावी लागली?" मी विचारले.

हिशेबाची दुसरी बाजू तिथे होती. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले, आणि काजळी अडवण्यासाठी धुराच्या नळीत गाळणी आली. ही गाळणी साफ होते ती काजळी जाळून, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ एका लयीत, गरम धावावी लागते. शेत ते बाजार, बाजार ते घर अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते. डिझेल फवारण्याचा दाबही बदलला. जुन्या इंजिनात नोझल शंभर-दोनशे बारला उघडायचे, नव्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब दीड-दोन हजार बारच्या घरात जातो. इतक्या दाबाला घडवलेल्या बारीक छिद्रांना भेसळीचे डिझेल चालत नाही. त्यात जरा कुठे बिनसले की पुढच्या पाटीवर दिवा लागतो आणि गाडी आपणहून ताकद आखडते. मिस्त्रींच्या भाषेत पिकअप पिकअप घेत नाही.

पहिल्यांदा तुंबली गाळणी. दुसऱ्यांदा गेला इंजेक्टर. तिसऱ्यांदा, २०२४ च्या पावसाळ्यात, टोमॅटोचे साठ क्रेट भरून घाट उतरल्यावर गाडी पायथ्याशीच रडू लागली. दोन मिस्त्री येऊन बघून गेले. त्यांच्याकडे तिच्याशी बोलणारे यंत्र नव्हते. शेवटी कल्याणच्या बाजूला ओढून नेली, दोन दिवस गेले, माल फुकट गेला. कारण निघाले ते असे की, उंदराने एका सेन्सरची वायर कुरतडली होती.

"माझ्या गाडीची वायर उंदरानं खाल्ली असती," तात्या म्हणाले, "तर मी ती दातानं सोलून जोडली असती."

पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी मी मनाशी निकाल तयार केला होता. जुनी गाडी शंभरदा मोडते आणि शंभरदा उठते, नवी क्वचित मोडते, पण मोडली की माणसाला हतबल करते. दोन्ही बाजू समान. बँकेत असे अहवाल मी शेकड्याने लिहिले आहेत. कोणी दुखावत नाही.

रात्री जेवताना सहज विचारले, "तात्या, मी तेव्हा सात गाड्यांना कर्ज दिलं होतं. बाकीच्या सहांचं काय झालं?" तात्यांनी बोटे मोडली. दोन दहा वर्षांच्या आत भंगारात गेल्या. एकीचे इंजिन फुटले, मालकाकडे कामाला पैसे नव्हते, ती विहिरीजवळ सडली. एकीचे इंजिन काढून कोणी पाण्याच्या पंपाला लावले. दोन विकल्या, पुढचे ठाऊक नाही. म्हणजे जुन्या गाड्या टिकायच्या हे आपण सातांपैकी एकीकडे बघून म्हणतो. गेलेल्या सहा साक्षीला येत नाहीत.

आणि जी टिकली ती का टिकली, हे काकींनी सांगितले. भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाल्या, "दर रविवारी हे गाडीखाली असायचे. लेकरांनी बापाचे पायच बघितले. गाडी टिकली म्हणतात. आम्ही टिकवली."

आप्पा मात्र काही बोलत नव्हते. आप्पा म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ. दोन्ही दिवस ते ओट्याच्या कडेला उजवा पाय लांब करून बसले होते. तो पाय वाकत नाही. का वाकत नाही, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होते, आणि मला तर कागदोपत्री माहीत होते.

१९९० चा जुलै. माळशेजमध्ये पाऊस आणि हाताला हात न दिसणारे धुके. गाडी आप्पा चालवत होते. चारही चाकांचे ड्रम ब्रेक ओले झाले की लागायला वेळ घेतात, तसा त्यांनी घेतला. गाडी समोरच्या कड्यावर आदळली. बंपर वाकला, रेडिएटर फुटला, मडगार्ड चेमटले. चासी जशीच्या तशी. आठ दिवसांत गाडी पुन्हा रस्त्यावर आली आणि गावभर तिच्या लोखंडाचे कौतुक झाले. आप्पांच्या छातीवर स्टिअरिंग बसले होते, गुडघ्याचा चुरा झाला होता. कमरेला पट्टा नव्हताच. लोखंड वाकत नाही तेव्हा धक्का नाहीसा होत नाही, तो आतल्या माणसाकडे जातो. आज मोटारींचा पुढचा भाग मुद्दाम चेमटेल असा घडवतात तो यासाठीच, की धक्का पत्र्याने खावा. मुलाच्या गाडीचे नाक एकदा अशाच किरकोळ धडकेत पार गेले होते. "पत्रा आहे की कागद!" असे म्हणून तात्यांनी तेव्हा नाक मुरडले होते. मुलगा त्याच दिवशी चालत घरी आला होता.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो होतो. कर्ज अजून फिटायचे होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चासी नंबर पडताळला आणि शाखेत येऊन अहवाल लिहिला. त्यातले शेवटचे वाक्य मला अजून पाठ आहे, कारण व्यवस्थापकांनी नेमकेपणाबद्दल माझी पाठ थोपटली होती. 'किरकोळ दुरुस्तीनंतर वाहन वापरण्यायोग्य. तारण सुस्थितीत आहे.' आप्पा तेव्हा सरकारी दवाखान्यात होते. तिकडे मी गेलो नाही. तपासणीच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निवाडा द्यायला बसलो, पण तोंडातून शब्द फुटेना. आप्पांकडे बघून म्हणालो, "आप्पा, तुम्ही सांगा."

आप्पा थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. "तात्या म्हणतो तशी गुणी गाडी आहे," ते म्हणाले. "फिरवा की वावरात, खळ्यापर्यंत. आपल्या बांधाच्या आत. घाटात नको." मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझी ती आठवड्यातून एकदा लांब पळवत जा. रात्री खाली जाळी लाव. उंदरं काय आपल्या बापाची नाहीत."

तात्या काही बोलले नाहीत. वही उचलून आत घेऊन गेले. होकार होता तो.

आमच्या पिढीला जुन्याचा अभिमान सोडवत नाही, आणि नव्या गाड्यांबद्दलची आमची एक तक्रार रास्त आहे. जी वस्तू विकत घेतली ती गावातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेण्याचा हक्क माणसाला हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही आहेत. गाडीशी बोलणारे यंत्र नारायणगावच्या मिस्त्रीच्या हाती येईल तेव्हा तात्यांचे अर्धे म्हणणे मान्य झाले असे मी समजेन. उरलेले अर्धे मात्र मान्य करता येणार नाही. कोणती वस्तू किती टिकली हे मोजताना ती टिकवायला कोण झिजले, हेही त्याच पानावर मांडले पाहिजे. आयुष्यभर हिशेब लिहून मी ते मांडले नाही.

परतताना मुलाने मला नव्या पिकअपमधून आळेफाट्याला सोडले. माझ्या खांद्यावरून पट्टा ओढून त्याने स्वतः लावला आणि मगच गाडी सुरू केली. बँकेतला तो अहवाल केव्हाच रद्दीत गेला असेल, त्यात आता दुरुस्ती करता येणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. जुलै १९९० मध्ये माळशेज घाटातल्या अपघातानंतर वाहन सुस्थितीत होते. चालक नव्हता.