यादीत विषय, वर्गात नाहीत

अकरावीच्या प्रवेश अर्जात आधी शाखा विचारली जाते आणि विषय नंतर. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे असेल, असे सहसा कुणाला वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी काय शिकावे यावर राज्यात जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा सक्तीभोवती फिरते. इंग्रजी सक्तीचे ठेवायचे का, मराठी सक्तीची करायची का, गणित सोडू द्यायचे का? २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, तेव्हाही अकरावी-बारावीतल्या इंग्रजीची सक्ती जाणार या मुद्द्यावरच गदारोळ झाला. या वादांमागे एक समजूत असते की सक्ती उठली म्हणजे निवड आपोआप वाढते. ही समजूत तपासून पाहायला हवी. मुलाला खरोखर काय निवडता येते, हे तीन गोष्टींवर ठरते: महाविद्यालय काय शिकवते, पुढचा प्रवेश काय मागतो आणि कोणत्या विषयात गुण पडतात. या तिन्ही गोष्टी मुलाच्या हातात नाहीत. बंधन घालायचेच असेल तर ते आधी या तीन ठिकाणी घालावे लागेल.

राज्य मंडळाची बारावीच्या विषयांची यादी कुणीही उघडून पाहावी. तीत तर्कशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, भूशास्त्र, सहकार, संरक्षणशास्त्र, बालविकास आहे, पाली आणि अर्धमागधी आहे. आता वाणिज्य शाखेतल्या विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्षात काय येते ते पाहू. इंग्रजी, अर्थशास्त्र, पुस्तपालन आणि ओसी म्हणजे वाणिज्य संघटन हे ठरलेलेच. पाचव्या जागी गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. सहाव्या जागी हिंदी, मराठी किंवा आयटी. म्हणजे फार तर सहा जोड्या, आणि एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात गणिताचा किंवा आयटीचा वर्गच नसेल तर त्याही उरत नाहीत. विज्ञानात तर मुले विषयांची नावेसुद्धा घेत नाहीत. ‘पीसीएम’, ‘पीसीबी’, ‘जनरल’ आणि ‘बायफोकल’ अशी तयार गाठोडी असतात, त्यांतले एक उचलायचे. कला शाखेतली गोष्ट अधिक बोलकी आहे. बालभारतीने अकरावी-बारावीसाठी गणित आणि संख्याशास्त्राचे जे पुस्तक काढले आहे ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांसाठी आहे. वाणिज्यचे पुस्तक वेगळे. म्हणजे इतिहास आणि अर्थशास्त्राच्या जोडीला गणित घेण्याची वाट मंडळाने कागदावर मोकळी ठेवली आहे. पण गणिताचा तास असलेले कला शाखेचे वर्ग शोधावे लागतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीचे गणित लागते, हे मुलांना कळते तेव्हा दोन वर्षे उलटून गेलेली असतात.

महाविद्यालये हे विषय का शिकवत नाहीत? त्याचे उत्तर शिक्षकांच्या पदांत आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातली पदे विद्यार्थिसंख्या आणि विषयाचा कार्यभार पाहून मंजूर होतात. यालाच संचमान्यता म्हणतात. तर्कशास्त्राला आठच मुले आली तर त्या विषयाचे पद टिकत नाही आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग पुढच्या वर्षी वीस मुलांना तर्कशास्त्र हवे असले तरी शिकवायला कुणी नसते. घड्याळी तासिकेवर माणूस मिळाला तर मिळाला. प्राचार्याने शहाणपणाने वागायचे ठरवले तर त्याने तेच विषय ठेवावेत ज्यांचे वर्ग भरतात, आणि वर्ग तेच भरतात जे आधीपासून आहेत. या चक्राला कुणा एकाचा दुष्टपणा कारण नाही. हिशेबाची पद्धतच अशी आहे की मागणी उभी राहण्याआधीच ती मारली जाते.

दुसरे दार पुढच्या प्रवेशाचे. मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी १४ विषयांची यादी दिली आणि त्यांतले तीन पुरेत असे सुचवले. त्यात भौतिकशास्त्र आणि गणित असलेच पाहिजेत असे नव्हते. देशभर टीका झाली आणि हे बंधनकारक नाही, राज्ये व विद्यापीठे आपापले निकष ठेवू शकतात, असा खुलासा परिषदेला करावा लागला. ती मुभा योग्य होती की नाही हा वेगळा वाद आहे; बहुतेक शाखांसाठी ती चुकीचीच होती, असे मला वाटते. पण त्या वर्षी महाराष्ट्रातल्या एखाद्या मुलाने ही बातमी वाचून गणित सोडले असते तर त्याचे काय झाले असते? राज्याच्या सीईटीत पीसीएम गटाच्या २०० गुणांपैकी १०० गणिताचेच आहेत. पात्रतेचा नियम सैल झाला तरी परीक्षा तशीच राहिली तर निवड तसूभरही वाढत नाही. आणि ज्या घरात नियमांचा असा बारकाईने अर्थ लावणारे कुणी नाही, तिथे अशी अर्धवट मुभा मुलाला गाळातच घालते.

तिसरी गोष्ट गुणांची, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. राज्यात मराठी सक्तीचा २०२० चा कायदा पहिली ते दहावीपुरता आहे. अकरावीला दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेता येते. ज्यांना खरोखर संगणकाची गोडी आहे ती मुले आयटी घेतातच, पण त्यांच्याबरोबर फार मोठी संख्या अशी असते जिला आयटी हा कमी अभ्यासात जास्त गुण देणारा विषय म्हणून हवा असतो. बायफोकलचेही तसेच. त्यात २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय येतो आणि दुसरी भाषा व चौथा शास्त्रविषय दोन्ही जातात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र शिकवण्याचा मूळ हेतू चांगला होता. पण जेईई देणाऱ्या मुलाच्या दृष्टीने बायफोकलचा पहिला गुण म्हणजे जीवशास्त्र आणि भाषा यांच्यापासून सुटका. ज्या मोकळ्या जागेत मुलाने स्वतःच्या आवडीचे काही घ्यावे, ती जागा वेळ वाचवण्यासाठी खर्च होते. या मुलांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. समोर ठेवलेल्या मोजपट्टीला ती अगदी तर्कशुद्ध उत्तर देत आहेत.

आता नव्या धोरणाकडे येऊ. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शाखांमधल्या भिंती पाडायला सांगते. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्यासाठी एक नियम सुचवतो: अकरावी-बारावीला दोन भाषा, त्यांतली किमान एक भारतीय, आणि त्याशिवाय चार विषय, जे किमान दोन वेगवेगळ्या गटांतून आलेले असावेत. एक गट कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षणाचा. दुसरा सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय विषयांचा. तिसरा गणित आणि विज्ञानाचा. नियम चांगल्या मनाने केला आहे. पण तो पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता? भौतिक, रसायन, गणित आणि चौथा विषय शारीरिक शिक्षण. केंद्रीय मंडळाच्या शाळांत आजही पाचवा विषय म्हणून शारीरिक शिक्षण घेणाऱ्यांची गर्दी असते. नियम अक्षरशः पाळला जाईल आणि इतिहासाचा वर्ग तसाच रिकामा राहील.

मुभा आणि गुण यांची सांगड चुकली की काय होते, याचा सर्वांत स्पष्ट धडा चीनमध्ये मिळाला. २०१४ मध्ये शांघाय आणि चच्यांग प्रांतात विज्ञान-कला असे दोन कप्पे मोडण्यात आले. चिनी, गणित आणि परकीय भाषा सर्वांना. उरलेल्यांतून कोणतेही तीन. शांघायमध्ये सहांतून तीन म्हणजे २० जोड्या, चच्यांगमध्ये सातांतून तीन म्हणजे ३५. कागदावर याहून उदार व्यवस्था सापडणे कठीण. पण ऐच्छिक विषयांचे गुण बरोबरीच्या परीक्षार्थींच्या तुलनेत दिले जात. भौतिकशास्त्र हुशार मुले घेत, म्हणून बाकीच्यांना त्यात वरची श्रेणी मिळणे अवघड. मग मधली मुले बाहेर पडली. ती गेल्यावर उरलेल्यांतले तळाचे आणखी अडचणीत आले आणि तेही निघाले. २०१७ ला पहिली तुकडी परीक्षेला बसेपर्यंत भौतिकशास्त्राची पडझड एवढी झाली की त्याच वर्षाच्या अखेरीस चच्यांगला संरक्षक तरतूद करावी लागली: भौतिकशास्त्राला कितीही कमी मुले बसली तरी श्रेणी देताना ६५ हजार धरायची. पुढे इतर प्रांतांनी योजना बदलली. भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांतला एक घ्यायचाच आणि उरलेल्या चारांतून दोन. अशा १२ जोड्या. या पद्धतीची पहिली परीक्षा आठ प्रांतांत २०२१ ला झाली. कुणी म्हणेल, ३५ वरून १२ म्हणजे माघारच. पण ज्या ३५ जोड्यांतून मुले गुणांच्या भीतीने मोजक्यांकडेच ढकलली जात होती, त्यांना निवड म्हणायचे का?

सक्तीने निवड वाढू शकते, याचेही उदाहरण आहे, पण ते अर्धेच यशस्वी आहे आणि म्हणूनच उपयोगी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी शालेय पातळीवर वर्षभराचे १५ अभ्यासक्रम लागतात. त्यात चार वर्षे इंग्रजी आणि तीन वर्षे गणित तर आहेच, शिवाय एक वर्ष चित्र, संगीत, नृत्य किंवा नाट्य यांपैकी काहीतरी आणि एक वर्ष ऐच्छिक विषय. विद्यापीठच चित्र-संगीत मागते म्हटल्यावर मुलांना विद्यापीठापर्यंत पोहोचवू पाहणाऱ्या शाळेला तो शिक्षक नेमावा लागतो. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे कोणत्या शाळेत यांपैकी कोणते मान्य अभ्यासक्रम चालतात, याची यादी विद्यापीठ स्वतः सार्वजनिक ठेवते. तरीही राज्यातून शाळा पूर्ण करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे या १५ अटी पुऱ्या करू शकत नाहीत. गरीब वस्त्यांतल्या शाळांत अभ्यासक्रमच उपलब्ध नसणे हे त्यामागचे एक कारण. मुलावर अट घातली, शाळेवर घातली नाही, की तिची किंमत मूल भरते.

म्हणून महाराष्ट्रात क्रम उलटा हवा. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन यंत्रणेतून होऊ लागला आहे. त्यामुळे कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय शिकवला जातो आणि तो शिकवणारे पद भरलेले आहे का, हे त्याच पानावर जाहीर करणे आता अवघड राहिलेले नाही. प्रत्येक महाविद्यालयाने दुसऱ्या शाखेतले किमान दोन विषय प्रत्यक्ष शिकवावेत अशी अट आधी असावी, आणि अशा विषयांची पदे सुरुवातीची काही वर्षे संचमान्यतेच्या गणितातून वगळावीत. विद्यापीठांनी आणि प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांनी कोणत्या पदवीला कोणता बारावीचा विषय खरोखर लागतो आणि कोणता नुसता परंपरेने मागितला जातो, हे दोन वर्षे आधी सांगावे. त्यानंतर विद्यार्थ्यावर हलके बंधन घालावे: एक विषय तरी आपल्या मुख्य गटाबाहेरचा, आणि तो लेखी परीक्षेचा.

यावर पहिला आक्षेप ग्रामीण महाविद्यालयांचा येईल, आणि तो खरा आहे. ज्या गावात भौतिकशास्त्राचाच शिक्षक तासिकेवर आहे तिथे तत्त्वज्ञान कुठून आणायचे? पण ही अट एकेका महाविद्यालयाने एकट्याने पेलावी असे नाही. राष्ट्रीय धोरणातच शाळांच्या संकुलाची कल्पना आहे. तालुक्यातल्या तीन-चार महाविद्यालयांना मिळून एक गणिताचा आणि एक मानसशास्त्राचा शिक्षक आठवड्यातले दिवस वाटून घेता येतील. पैसे लागतील, हे मान्यच करायला हवे. मोफत होणारी सुधारणा यादीतच राहते.

दुसरा आक्षेप पालकांचा: जेईई-नीटच्या ताणात आणखी एक विषय कशाला? पण विषय वाढत नाही, जागा तीच आहे. आज ती आयटी किंवा बायफोकल घेते, उद्या अर्थशास्त्र घेईल. ताणाचे मोठे कारण इंटिग्रेटेड वर्गांत आहे, जिथे महाविद्यालय नावापुरते आणि दिवस कोचिंगचा. २०१८ मध्ये शासनाने काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. २०२५ च्या बारावीला नोंदणी केलेल्या सुमारे १५ लाख विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक विज्ञानाचे होते. या सगळ्यांना डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे नाही, तेवढ्या जागाही नाहीत. मग सगळ्यांची दोन वर्षे त्या दोन परीक्षांच्या मापाने का कापायची?

तिसरा आक्षेप वयाचा आहे. सोळाव्या वर्षी मुलाला काय कळते, त्यापेक्षा शाखा ठरलेली बरी. हा आक्षेप शाखांच्या बाजूने मांडला जातो, पण तो त्यांच्याविरुद्धच जातो. मुलाला कळत नसेल तर त्याचे दार लवकर बंद करणे अधिक धोक्याचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे मान्य केले. पूर्वी वैद्यकीय प्रवेशाला अकरावी-बारावीची सलग दोन वर्षे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागे. आता बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येते. वैद्यकशास्त्रासारख्या काटेकोर क्षेत्राला हे चालत असेल तर अर्थशास्त्राच्या पदवीला गणिताच्या बाबतीत का चालू नये? राज्य मंडळाकडे तुरळक विषय घेऊन बारावीच्या परीक्षेला बसण्याची सोय आधीपासून आहे. कला शाखेच्या मुलाने एका वर्षात नुसता गणिताचा पेपर देऊन आपली पात्रता पुरी करावी आणि विद्यापीठाने ती बिनशर्त मानावी, एवढा एक नियम झाला तरी दहावीच्या निकालानंतरच्या त्या चार-सहा आठवड्यांवरचे ओझे बरेच हलके होईल. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, नवी इमारत लागत नाही. विद्यापीठांच्या प्रवेश पुस्तिकेतले एक कलम बदलावे लागते.