अडीच सुती बोल्ट आणि वैधतेचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही जे मोजतोय असं म्हणताय, तेच मोजताय हे कशावरून?" पुस्तकात याला वैधता म्हणतात. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण तीच स्वतःच्या सिनॉप्सिसला लावायची म्हटली की गाडी अडते. म्हणून आज हा मुद्दा एका बोल्टवरून समजून घेऊ. हा बोल्ट जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आहे, १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एम.जी. टीसीचा.

गाडीच का? कारण जुन्या गाडीची दुरुस्ती म्हणजे अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढणं. आणि इथे निष्कर्ष चुकला की ते लगेच हाताला कळतं, परीक्षकाच्या अहवालाची वाट बघावी लागत नाही.

आधी सूत म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. तरी गॅरेजात, लेथवर आणि प्लंबरच्या तोंडी अजून सूत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि ५/१६ इंच म्हणजे अडीच सूत.

हा शब्द टिकण्यामागे कारणही आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गॅरेजपुढे अनेक वर्षं कुठल्या गाड्या येऊन थांबत होत्या ते आठवा. महिंद्राची जीप मूळ अमेरिकन विलिसची, म्हणून इंचातली. अँबॅसेडर मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तीही इंचातली. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी मात्र मूळ इटालियन फियाट, म्हणून मिलिमीटरची. त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे दोन सेट लागायचे, एक सुतीचा आणि एक मिलिमीटरचा. रोजच्या कामाला ही विभागणी पुरेशी होती.

यात एक गंमत आहे. अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसी इंजिन सुरुवातीच्या एम.जी.ए. या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. म्हणजे अँबॅसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एम.जी.ए. फारशी परकी वाटू नये. टीसी मात्र तिच्या आधीच्या पिढीतली, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक बोल्ट, चार शक्यता

समजा, पुण्याहून सोलापूरकडे निघालेली एक टीसी कासुर्डीजवळ थांबली. इंजिनाच्या खालच्या बाजूचा एक बोल्ट गळून पडलाय आणि तेल ठिबकतंय. उरुळी कांचन मागे पडलंय, यवत पुढे आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजात जुन्या बोल्टांचा डबा आहे. मिस्त्री शेजारचा बोल्ट बघतो, गाडी इंग्लिश आहे हे बघतो आणि म्हणतो, "अडीच सुती आहे."

चूक म्हणता येईल का? नाही. पण "अडीच सुती" या एका नावाखाली किमान चार वेगळे बोल्ट खपून जातात:

– ५/१६ बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश बारीक आटा: बाहेरचा व्यास ७.९४ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर (पिच) १.१५ मिमी, आट्याचा कोन ५५ अंश, डोकं १३.३ मिमी.
– ५/१६ यूएनएफ, जीप आणि अँबॅसेडरमधला: व्यास ७.९४, पिच १.०६, कोन ६० अंश, डोकं १२.७ मिमी.
– आजचा साधा ८ मिमी बोल्ट: व्यास ८.००, पिच १.२५, कोन ६० अंश, डोकं १३ मिमी.
– टीसीच्या इंजिनातला ८ मिमी बोल्ट: व्यास ८.००, पिच १.००, कोन ६० अंश, पण डोकं १३.३ मिमी.

चौथी ओळ परत वाचा. आटे मेट्रिक आहेत आणि डोकं ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचं. हा संकर आला कुठून?

पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्या कंपनीने इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिस गाड्यांची इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक पडायचे. पण गाडी दुरुस्त करणाऱ्या इंग्रज मिस्त्रीकडे पाने होते व्हिटवर्थचे. मग त्याच्या पान्याला बसतील अशी डोकी ठेवली गेली. ही परंपरा टीसीच्या एक्सपीएजी इंजिनापर्यंत चालत आली. त्याच गाडीच्या चासीवर मात्र बीएसएफ आटे आहेत, आणि विजेच्या वस्तूंमधल्या बारीक स्क्रूंना बीए नावाची तिसरीच पद्धत.

आता संशोधनाच्या भाषेत बोलू. पाना हे आपलं मोजमापाचं साधन. पाना व्यवस्थित बसला की वाटतं, बोल्ट ओळखला. पण पान्याने मोजलं फक्त डोकं. आट्याबद्दल तो काहीच सांगत नाही. डोकं आणि आटा यांचा संबंध बहुतेक गाड्यांत ठरलेला असतो, म्हणून डोक्यावरून आटा ओळखायची सवय लागते. एक्सपीएजी इंजिनात हा संबंध तुटलेला आहे. साधन बिघडलेलं नाही, मोजणाराही तरबेज आहे, तरी उत्तर चुकीचं येतं. वैधतेचा प्रश्न म्हणतात तो हाच.

तुमच्या आराखड्यातही असा पाना असतोच. समजा, तुम्ही शाळेतल्या हजेरीवरून मुलांची शिकण्याची आवड मोजणार आहात. हजेरी बिनचूक मोजता येते. पण जिथे मुलं मुख्यतः पोषण आहारासाठी किंवा ऊसतोडीचा हंगाम संपला म्हणून शाळेत येतात, तिथे हजेरी आणि आवड यांचा नेहमीचा संबंध तसाच राहील का? हा प्रश्न आराखड्यात लिहिलेला असला पाहिजे.

तीन वेढे बसले म्हणजे जुळलं असं नाही

मिस्त्रीने डब्यातून ५/१६ बीएसएफ बोल्ट काढला आणि भोकात फिरवला. पहिला वेढा आरामात गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला जड झाला.

दर वेढ्याला फरक पडतोय १.१५ वजा १.००, म्हणजे ०.१५ मिमीचा. तीन वेढ्यांत तो जवळपास अर्धा मिमी होतो, म्हणजे अर्धा आटा. आता बोल्टचा उंचवटा भोकातल्या खाचेत नाही, उंचवट्यावरच येऊन बसतोय. व्यास किंचित कमी असल्यामुळे सुरुवातीचा फरक सैलपणात झाकला गेला होता.

यूएनएफ बोल्ट तर आणखी फसवतो. त्याचा फरक दर वेढ्याला फक्त ०.०६ मिमी. अर्धा आटा चुकायला आठ वेढे लागतात. पाच-सहा वेढे बिनबोभाट गेले की कुणालाही वाटेल, हाच तो.

पद्धतशीर चुकीचं लक्षण हेच. ती छोटी असते, एकाच दिशेला असते आणि साठत जाते. दहा जणांच्या पायलट स्टडीत ती दिसत नाही, कारण पायलट म्हणजे पहिले तीन वेढे. म्हणून पायलटमध्ये "सगळं नीट चाललं" एवढं लिहून थांबू नका. आपलं गृहीतक चुकीचं असेल तर ते किती लांब गेल्यावर दिसेल, हे आधी कागदावर काढा. वर आपण जसं दर वेढ्याचा फरक गुणिले वेढे केलं, तसंच. आणि पायलट निदान तेवढा लांब ठेवा.

परत न येणारी चाचणी

बोल्ट जड गेला की दोन सल्ले ठरलेले. पहिला, "जोर लाव." दुसरा, "टॅप मारून घे."

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. बीड ठिसूळ असतं. जोर लावला की आट्यांचे तुकडे पडतात आणि बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याने दोन-तीन आटेच धरलेले असतात. इंजिन तापलं, हादरे बसले की तो पुन्हा सैल होतो. तेल गेलं आणि चालवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर बेअरिंग जळतात. १९४९ नंतर न बनलेल्या गाडीसाठी ही छोटी गोष्ट नाही.

टॅप त्याहून धोक्याचा. टॅप भोक साफ करत नाही, तो धातू कापतो. मिमीच्या भोकात यूएनएफचा टॅप फिरवला की जुन्या आट्यांवर नवे आटे तिरके कापले जातात. मग मूळ बोल्टही धरत नाही आणि नवाही. शिवाय पुढचा माणूस ते भोक तपासेल तेव्हा त्याला यूएनएफच्या खुणा दिसतील. म्हणजे पुरावा तर गेलाच, त्याच्या जागी खोटा पुरावाही तयार झाला. नुसती साफसफाई करायची असेल तर न कापणारा, फक्त आट्यांतली घाण काढणारा चेसर वेगळा मिळतो.

संशोधनात असे टॅप बरेच असतात. मुलाखतीत आपला सिद्धांत आधी सांगून मग मत विचारणं हा टॅपच. गावातल्या वीस घरांना असा प्रश्न एकदा विचारून झाला की त्या घरांचं मूळ उत्तर पुन्हा मिळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्या चाचण्यांनी वस्तू बदलत नाही त्या आधी, ज्यांनी बदलते त्या शेवटी. शक्य असेल तर करूच नयेत.

मग ओळखायचं कसं?

शेजारचा बोल्ट काढा, डिझेलने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. आता एकेक पुरावा तपासू, आणि दर वेळी विचारू: याने कुठली शक्यता बाद होते?

व्हर्नियरने व्यास मोजला, ७.९० आला. याने काय बाद झालं? काहीच नाही. नवा बोल्टसुद्धा लिहिलेल्या मापापेक्षा थोडा बारीक असतो, जुना तर झिजलेला. ७.९४ आणि ८.०० मधला फरक त्यात बुडून जातो. मोजमाप बारीक आहे, पण आपल्या प्रश्नाला निरुपयोगी.

डोकं १३.३ मिमी. यूएनएफ आणि आजचा ८ मिमी बोल्ट बहुधा बाद. उरले बीएसएफ आणि एक्सपीएजीवाला. इथे पाना गप्प बसतो.

आता २० मिमी लांबीत आटे मोजा. बीएसएफला सुमारे १७.३ येतील, यूएनएफला १८.९, एक्सपीएजीवाल्याला २०. हा पुरावा उरलेल्या दोघांना स्पष्ट वेगळं करतो. एकच आटा मोजला असता तर ०.१५ मिमीचा फरक डोळ्याला दिसला नसता. चूक जशी लांबीबरोबर साठते, तसा पुरावाही साठतो.

पिच गेजचं ६० अंशांचं, १ मिमीचं पातं आट्यात बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली नाही तर कोनही जुळला. मग योग्य नट घेऊन फक्त बोटांनी पूर्ण लांबीभर फिरवा. पान्याने फिरवलं तर आपला जोर फरक लपवतो. बोटांना तेवढा जोर नसतो, म्हणून ती खरं सांगतात.

शेवटचा पुरावा म्हणजे इतिहास: हे इंजिन कुठल्या कारखान्यातून आलं. हे बऱ्याचदा मॅन्युअलपेक्षा जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यातून कळतं. ज्युलियन ऑर यांनी १९९६ च्या पुस्तकात झेरॉक्सच्या तंत्रज्ञांबद्दल हेच दाखवलं. यंत्राचं बरंचसं ज्ञान ते एकमेकांना सांगत असलेल्या किश्श्यांत होतं, छापील सूचनांत नव्हतं. तेव्हा मिस्त्रीने किस्सा सुरू केला तर वही बंद करू नका.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमच्या प्रत्येक मोजमापासमोर तीन ओळी लिहा. हे साधन प्रत्यक्षात कशाला स्पर्श करतं, डोक्याला की आट्याला? कुठल्या दोन शक्यतांमध्ये ते फरक करूच शकत नाही? आणि ते वापरल्यावर ती वस्तू, ते गाव, तो माणूस पहिल्यासारखा राहतो का?

दुसऱ्या ओळीसमोरची जागा कोरी राहिली, तर गाईडकडे जाण्याआधी आणखी एक साधन शोधा. जे त्याच दोन शक्यता वेगळ्या करतं, असं. पुन्हा व्यास मोजणारं दुसरं, जास्त महागडं व्हर्नियर नको.