दांडा हलतो, सील धरतं

सायकलचा पंप हवा धरेनासा झाला की जुनी माणसं तो उघडून आतल्या चामड्याच्या वायसरला दोन थेंब तेल लावत, त्याची कड बोटांनी जरा फाकवत, आणि पंप पुन्हा चालू होई. तो वायसर वाटीसारखा असतो. दांडा खाली दाबला की आतली हवाच त्या वाटीची कड नळीच्या भिंतीवर रेटते. दाब वाढेल तशी पकड घट्ट होते. विमानाच्या इंजिनावरच्या ॲक्चुएटरमधलं सीलही मुळात ह्याच युक्तीवर चालतं. तेलाचे ते दोन थेंबही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हा ॲक्चुएटर करतो काय? जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये फिरत्या पात्यांच्या रांगांमध्ये न फिरणाऱ्या पात्यांच्या रांगा असतात. इंजिनाचा वेग कमी असताना येणाऱ्या हवेची दिशा आणि पात्यांचा कोन जुळत नाही, प्रवाह फाटतो आणि कॉम्प्रेसर गचके खातो. 1950च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या जे-79 इंजिनात गेरहार्ड न्यूमन यांनी ह्या स्थिर पात्यांचा कोन बदलता ठेवला. आज बहुतेक मोठ्या इंजिनांत ही सोय असते. रांगेतली सगळी पाती बाहेरच्या एका कड्याला जोडलेली असतात, आणि ते कडं फिरवतो ॲक्चुएटरचा दांडा.

हा दांडा रेटायला बऱ्याच इंजिनांत वेगळं तेल नसतं, इंजिनाचं इंधनच, म्हणजे केरोसीन, दाबाखाली वापरतात. हिशेब करून पाहू. पिस्टनचा व्यास 5 सेंटीमीटर आणि दाब 70 बार धरला, तर जोर भरतो सुमारे 1,400 किलो, म्हणजे एका मोटारीच्या वजनाएवढा. दांडा जिथून बाहेर येतो तिथे आत दाबाखालचं केरोसीन आणि बाहेर इंजिनाचं तापलेलं कवच. मध्ये फक्त सील.

सर्वांत साधं सील म्हणजे ओ-रिंग. डेन्मार्कमध्ये जन्मलेले नील्स क्रिस्टेन्सेन यांना अमेरिकेत 1939 साली तिचं पेटंट मिळालं. रबराचा आकार बदलतो, पण दाबून त्याचं आकारमान जवळजवळ घटत नाही. त्यामुळे खोबणीत बसलेल्या रिंगवर दाब आला की ती पलीकडच्या फटीकडे सरकते आणि फट बुजवते. न हलणाऱ्या जोडात रिंग जाडीच्या 20 ते 30 टक्के चेपून बसवली तरी चालतं. हलत्या दांड्यावर तेवढी चेपली तर घर्षणानं तापते, झिजते, कधी अर्धी सरकते, अर्धी चिकटून राहते आणि पिळवटून फाटते. म्हणून तिथे चेप ह्याच्या साधारण निम्म्यावर आणतात. शिवाय रबर तापून धातूच्या कितीतरी पट फुगतं, इंधन शोषूनही फुगतं. त्या फुगवट्याला खोबणीत जागा ठेवावीच लागते. नवख्याची नजर रिंगवर असते; जाणता आधी खोबणी बघतो.

आता ते दोन थेंब. दांडा बाहेर येताना सीलखालून इंधनाचा अतिशय पातळ थर घेऊन येतो. तो थर सीलनं पूर्ण पुसून काढला, तर रबर कोरड्या धातूवर घासेल आणि लवकर मरेल. थर जाड राहिला, तर प्रत्येक फेरीला बाहेर थेंब साठेल. म्हणून सीलची आतली, दाबाकडची कड उभी ठेवतात आणि बाहेरची बाजू उतरती. उभी कड बाहेर जाणारा थर पातळ कापते, आणि दांडा परतताना उतरत्या बाजूखालून तोच थर सहज आत ओढला जातो. न गळणारं सील म्हणजे ओलं न होणारं सील नव्हे, गेलेलं परत आणणारं सील.

केरोसीन वंगण म्हणून मात्र अगदीच सुमार. त्यामुळे रबर थेट दांड्यावर न ठेवता त्याच्यावर पीटीएफईची, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतं त्या पदार्थाची कडी चढवतात. कडी घसरते, रबर मागून स्प्रिंगसारखं तिला दाबून धरतं. पीटीएफईला स्वतःचा ताण नसतो, दाबलं की हळूहळू बसतं, म्हणून हा संसार दोघांनी मिळूनच करायचा.

दांड्याची सफाईही फसवी असते. सरासरी खडबडीतपणा 0.2 ते 0.4 मायक्रॉन ठेवतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. आरशासारखा गुळगुळीत करूनही चालत नाही, इंधन धरायला सूक्ष्म खळगे हवेत. पण खळगे हवेत, शिखरं नकोत, आणि सरासरीचा आकडा हा फरक सांगत नाही. चढवताना विषारी रसायनं लागणाऱ्या क्रोम मुलाम्याऐवजी टंगस्टन कार्बाइडचा थर आला तेव्हा हे चांगलंच जाणवलं. आकडा जुनाच ठेवला, तर कार्बाइडची टोकं सीलला कानशीसारखी खातात. तिथे शिखरांसाठी वेगळी मर्यादा घालावी लागते.

सीलला सर्वांत जड जातात त्या लांब फेऱ्या नव्हेत. नियंत्रक कोन साधण्यासाठी दांडा सतत मिलिमीटरच्या अंशाएवढा पुढेमागे हलवत राहतो. एवढ्याशा हालचालीत ताजा थर सीलखाली पोचतच नाही, आणि तेवढाच पट्टा झिजत जातो. त्यात आडवा भार आला तर विचारायलाच नको. कड्याला जोडलेलं दांड्याचं टोक सरळ रेषेत न जाता कमानीत जातं. म्हणून ॲक्चुएटर दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंगवर टांगतात, म्हणजे तो स्वतः वळतो. तसं केलं नाही तर दांडा एका बाजूला टेकतो, दुसरीकडची फट वाढते आणि दाबाखालचं रबर त्या फटीत घुसून कुरतडलं जातं.

एवढं करूनही आराखडा सील गळणारच असं धरून काढलेला असतो. दांड्यावर एकामागे एक दोन सीलं, आणि मधल्या जागेतून बाहेर जाणारी एक बारीक नळी. पहिल्यानं सोडलेलं दुसऱ्यावर दाब न आणता नळीतून निघून जातं, गरम कवचावर पडत नाही. विमान उतरल्यावर मेकॅनिक त्या नळीखाली थेंब मोजतो, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहतो, आणि आकडा मर्यादेत असला तर नळीचं तोंड पुसून पुढच्या कामाला लागतो.